स्वातंत्र्य, मुक्ती आणि मोकळीक

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त वैजापूर येथे भरलेल्या आपल्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात प्रमुख भाषण करण्याचा मान आम्हांस दिल्याबद्दल प्रथम कार्यकारी मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो. आम्ही भाषापंडित नव्हे, की इतिहाससंशोधकही नव्हे. शाळेत मराठी शिकविता शिकविता आयुष्य गेले आणि त्यामुळे शब्द हाती आला की तो पारखून पाहण्याची खोड तेवढी जडली. आज आपण जो विषय ऐकणार आहात, तोही आम्ही घरून ठरवून आणलेला नाही. तो आज सकाळी एका मुलीने आमच्या हाती दिला.

सकाळी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, त्या वेळी सहाव्या इयत्तेतील एका मुलीने सरळ येऊन विचारले, "गुरुजी, पंधरा ऑगस्टला आपण स्वातंत्र्यदिन म्हणतो, मग सतरा सप्टेंबरला मुक्तिदिन का म्हणतो? दोन्ही एकच ना?" आम्ही तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पण ते उत्तर देत असतानाच आमच्या ध्यानी आले, की चाळीस वर्षे हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहूनही त्यांतला भेद आम्ही स्वतःस कधी विचारला नव्हता. म्हणून शिक्षणावरचे आमचे ठरलेले भाषण बाजूस ठेवून आज त्या मुलीच्या प्रश्नाचेच उत्तर देण्याचा यत्न करतो.

प्रथम 'स्वातंत्र्य' हा शब्द घेऊ. 'स्व' म्हणजे आपले, हे सर्वांस ठाऊक आहे. 'तंत्र' या शब्दाचा मात्र आज आपण यंत्रतंत्रातला अर्थ घेतो. संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ आहे हातमाग, आणि मागावर ताणून बसविलेला उभा धागा. 'तन्' म्हणजे ताणणे. 'तंतू' हा त्याच धातूपासून झालेला शब्द. तेव्हा स्वतंत्र तो, ज्याच्या मागावरचा ताणा त्याचा स्वतःचा आहे. आणि परतंत्र तो, जो दुसऱ्याच्या ताण्यावर विणतो.

आपणां वैजापूरकरांस हे समजावून सांगावयास नको. आपल्या शेजारी येवले आहे, गोदावरीच्या काठाने खाली गेले की पैठण आहे, आणि दोन्ही गावांत पैठणी विणली जाते. कोणा विणकराच्या घरी क्षणभर उभे राहून पाहावे. ताण्याचे शेकडो धागे दोन टोकांस पक्के बांधलेले असतात. ते सोडून दिले तर धागे मोकळे होतील खरे, पण मग वस्त्र होणार नाही, गुंता होईल. स्वातंत्र्य म्हणजे धागे सुटे होणे नव्हे. धागे कोणी, कशासाठी आणि कोणत्या नक्षीकरिता बांधावेत हे विणणाराने स्वतः ठरविणे, हा त्याचा अर्थ होय. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी; शेवटी तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता १९४७ सालाकडे वळू. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा आपला वैजापूर तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) असे मराठी भाषेचे पाच जिल्हे त्या संस्थानात होते. आपला तालुका तर अगदी वेशीवरचा. पश्चिमेस येवले, म्हणजे नाशिक जिल्हा; दक्षिणेस गोदावरी, आणि नदीच्या पलीकडच्या तीरावर पुणतांबे, म्हणजे अहमदनगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर. हे दोन्ही जिल्हे मुंबई प्रांतातले. नदी एक, भाषा एक, सोयरीक एक. तथापि राज्य दोन. इकडचा रुपया हाली शिक्क्याचा, तिकडचा कलदार. सात हाली रुपयांस सहा कलदार असा त्यांचा भाव. माल वेशीवरून आणावयाचा तर करोडगिरीचे नाके लागे. शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून. जाहीर सभा घ्यावयाची तर 'गश्ती निशाण ५३' या फर्मानान्वये सरकारची परवानगी हवी. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली, ती १९४६ पर्यंत टिकली. त्याच १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी औरंगाबादच्या आणि उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडले.

अशा स्थितीत देशात स्वातंत्र्याचा दिवस उगवला. रोटेगावच्या स्थानकावरून आगगाडीत बसून मनमाडला उतरणारा मनुष्य त्या दिवशी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात नव्हता, तर जणू एका काळातून दुसऱ्या काळात जात होता. नदीच्या पलीकडे तिरंगा डौलाने फडकत होता आणि अलीकडे तो फडकविणे हा गुन्हा होता. ज्यांनी तो फडकविला त्यांस तुरुंगात जावे लागले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट रोजी हिंदी संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला गेला, आणि १५ ऑगस्टला, देश आनंदोत्सव करीत असता, स्वामीजींस अटक झाली.

बंधुभगिनींनो, येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. १९४७ च्या जून महिन्यात निजाम मीर उस्मान अली खान यांनीही जाहीर केले, की इंग्रजांचे सार्वभौमत्व संपताच आपले संस्थान स्वतंत्र होईल. 'आझाद हैदराबाद' ही घोषणा याच मनोरथाची. आझाद म्हणजे स्वतंत्र! म्हणजे ज्या राज्यात सभा घेण्याची बंदी, झेंडा लावण्याची बंदी, गाणे म्हणण्याची बंदी, त्याच राज्याच्या मुखी स्वातंत्र्याचा शब्द होता. तो शब्द खोटा होता काय? शब्दकोशात पाहिले तर नव्हता. निजामास खरोखरच कोणाच्या अधीन राहावयाचे नव्हते. पण ते स्वातंत्र्य सिंहासनाचे होते; सिंहासनासमोर उभ्या असलेल्या माणसाचे नव्हते. राजा जितका स्वतंत्र, तितकी प्रजा त्याच्या मर्जीवर अवलंबून.

याच शब्दाचे दुसरे एक विपरीत उदाहरण पाहा. कासीम रझवी यांच्या सैनिकांस 'रझाकार' म्हणत. हे नाव उच्चारले की आजही आपल्या भागातील वृद्ध माणसे गप्प होतात. पण 'रझा' म्हणजे मर्जी, संमती. 'रझाकार' म्हणजे आपल्या खुशीने काम करणारा, स्वयंसेवक. आपण नोकरीत 'रजा' मागतो तो शब्दही याच घरचा. म्हणजे ज्यांनी गावे लुटली, माणसे मारली, लोकांस घरदार सोडून परागंदा केले, त्यांचे नाव 'स्वखुशीचे सेवक' असे होते. यावरून आम्ही एवढेच शिकलो, की स्वातंत्र्याचा कोणताही शब्द कानी पडताच प्रथम विचारावे: हे कोणाचे स्वातंत्र्य? आणि कोणाच्या मर्जीने?

'स्वातंत्र्य' हा शब्द अशा रीतीने निजामानेच उचलला होता. शिवाय देश स्वतंत्र झालाच होता. आपणांस नवे, वेगळे राज्य स्थापावयाचे नव्हते, तर त्या स्वतंत्र देशात जाऊन मिळावयाचे होते. त्याकरिता 'मुक्ती' हा शब्द अधिक नेमका ठरतो. 'मुच्' म्हणजे सोडविणे. ज्यास बांधून ठेवले आहे त्याची सुटका ती मुक्ती. गोव्याचेही तसेच झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता गेली तो दिवस गोवेकर बांधव मुक्तिदिन म्हणूनच पाळतात. शेजारचे घर मोकळे झाले आणि आपल्या दाराची कडी मात्र बाहेरून लागलेली राहिली, अशा दोन प्रदेशांनी हा एकच शब्द निवडावा, हे योग्यच झाले.

आपली कडी ३९९ दिवसांनी निघाली. मनमाड, बार्शी, उमरखेड अशा हद्दीबाहेरच्या ठिकाणी छावण्या घालून स्टेट काँग्रेसच्या तरुणांनी लढा चालविला. अनेकांनी प्राण वेचले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पुढे १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा घटक झाला. हा क्रम आपण जाणता. त्याचा विस्तार करीत नाही.

पण एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कडी निघाल्यावर जे घडले ते सारेच अभिमानाने सांगण्याजोगे नव्हते. पोलिस कारवाईच्या वेळी आणि तीनंतर संस्थानाच्या अनेक भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. पंडित नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार प्रभृतींनी जाऊन पाहणी केली. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज कमीत कमी २७ ते ४० हजार असा दिला आहे, आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांचे अत्याचार जसे खरे, तसे हेही खरे. ज्यास मुक्ती मिळाली त्याने दुसऱ्यास बांधावे, मारावे, हे मुक्तीत बसत नाही. मुक्तिदिनी हुतात्म्यांस वंदन करताना या निरपराध जीवांचेही स्मरण असावे, असे आम्हांस वाटते.

आता 'मुक्ती' या शब्दाचे जुने घर पाहू. आपल्या आजीस हा शब्द १९४८ पूर्वीही ठाऊक होता. कीर्तनात, पोथीत, काशीयात्रेच्या गोष्टीत तो तिने ऐकला होता. तिच्या लेखी मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. मग लढ्याची मुक्ती आणि आजीची मुक्ती यांचा काही संबंध आहे की नाही? स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र पाहावे. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक होते आणि १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. संन्यासी कशासाठी होतात? स्वतःच्या मोक्षासाठी. परंतु हा संन्यासी गुहेत गेला नाही, तुरुंगात गेला. स्वतःची मुक्ती लक्षावधी लोकांच्या मुक्तीपासून वेगळी काढता येत नाही, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखविले. नांदेडच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे ते उचितच आहे.

आणि त्यांच्याही पूर्वी, याच गोदेच्या खोऱ्यात, 'मुक्ता' नावाच्या एका मुलीने हा शब्द जगून दाखविला. आपेगावच्या विठ्ठलपंतांची चार मुले, त्यांतली धाकटी मुक्ताबाई. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला, हा त्यांचा अपराध. परंपरा सांगते, की समाजाने त्या कुटुंबास वाळीत टाकले, आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, आणि ही पोरकी मुले शुद्धिपत्र मागावयास पैठणास गेली. सर्वांत लहान, सर्वांत असहाय अशी ही मुलगी. पण थोरला बंधू जनांच्या बोलण्याने व्यथित होऊन झोपडीची ताटी लावून बसला, तेव्हा बाहेर उभी राहून त्यास दार उघडावयास लावणारी तीच. ज्ञातीने ज्यांस बाहेर ठेवले, त्यांच्याच हातून शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी झाली. पैठणच्या त्या निवाड्याची आठवण आज राहिली आहे ती केवळ या मुलांमुळे.

दुसरे उदाहरण तर आपल्या तालुक्यातलेच आहे. शिऊर येथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. आपणांपैकी अनेकजण तेथे जाऊन आला असाल; नारळ फोडून, प्रसाद घेऊन परतला असाल. पण त्या बाईने काय सोसले ते आपण मुलींस सांगतो काय? सतराव्या शतकातील ही स्त्री, माहेर देवगावचे. बालवयातच वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झाले. फिरत फिरत कुटुंब कोल्हापुरास गेले. तेथे कीर्तन ऐकता ऐकता तिच्या मनाने तुकोबांचा ध्यास घेतला आणि स्वप्नात त्यांचा अनुग्रह झाला. ती ब्राह्मणाची स्त्री, आणि गुरू शूद्र म्हणविला जाणारा वाणी. पतीस हे लाजिरवाणे वाटले. त्याने तिला मारहाण केली. तिने घर सोडले नाही. संसार केला, मुले वाढविली, पतीची सेवाही केली. पण गुरू कोण, हे आपले मन ठरवील, दुसरे कोणी नव्हे, ही एक गोष्ट तिने अखेरपर्यंत कोणाच्या हाती दिली नाही. पुढे देहूस जाऊन तिने तुकोबांचे दर्शन घेतले. 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथाचा आशय मराठी अभंगांत आणून, ब्राह्मण्य जन्माने येत नाही हे तिने निर्भयपणे सांगितले. आपले चरित्रही तिने अभंगांतून सांगून ठेवले. मराठी स्त्रीचे ते पहिले आत्मचरित्र मानतात. १७०० साली तिने देह ठेवला.

बहिणाबाईस कोणी मोकळीक दिली नव्हती. हा शब्द आता मुद्दाम घेतो, कारण आपल्या घरांतून तो नित्य वापरला जातो.

'मोकळा' हा शब्द फार गोड आहे. मन मोकळे करावे, पाय मोकळे करावेत, मोकळ्या हवेत श्वास घ्यावा. या बोलांत मायेचा ओलावा आहे. पण 'मोकळीक' म्हटले की वाक्यात एक देणारा लागतो आणि एक घेणारा. सूट, मुभा, सवलत, परवानगी, रजा हे सारे त्याच पंगतीतले. देणारा वर, घेणारा खाली; आणि दिलेली वस्तू परत घेण्याचा अधिकार देणाराकडे राहतो. 'स्वातंत्र्य' या शब्दाच्या वाक्यात मात्र देणारा लागत नाही. आपल्या राज्यघटनेने १९५० साली मूलभूत हक्क लिहिले तेव्हा नागरिकांस सवलती दिल्या असे म्हटले नाही. हे हक्क आहेत, आणि सरकारने ते हिरावू नयेत असे म्हटले.

आपल्या मंडळातर्फे निघणारी वधूवर-सूची आम्ही दरवर्षी वाचतो. तीत स्थळाच्या माहितीखाली पालक मोठ्या समाधानाने लिहितात: 'घरात मुलीस पूर्ण मोकळीक', 'सुनेस नोकरीची परवानगी'. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पूर्वी तेवढेही नव्हते. पण मुलाच्या माहितीखाली 'मुलास नोकरीची परवानगी' असे कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. यावरूनच समजावे की कोणाचे स्वतःचे आहे आणि कोणास दिलेले आहे.

हे दुसऱ्यांस सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे काय, असे कोणी विचारील. नाही. उलट ज्या गोष्टीची लाज आम्ही तीस वर्षे वागविली ती आज आपणांपुढे ठेवतो. एका लग्नाची गोष्ट आहे. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. आमच्या एका शाळासोबत्याच्या मुलीने ज्ञातीबाहेर लग्न केले होते. कोणी ठराव केला नाही, कोणी दंड मागितला नाही, 'वाळीत' हा शब्द तर कोणी उच्चारलाही नाही. फक्त पुढच्या वर्षापासून निमंत्रणांच्या यादीतून त्याचे नाव गळत गेले. त्या लग्नास तो आला तो वरपित्याशी असलेल्या जुन्या स्नेहाने. मांडवात पंगत बसली होती. तो खांबापाशी उभा राहिला. त्यास 'जा' असे कोणी म्हटले नाही आणि 'बसा' असेही कोणी म्हटले नाही. आमच्या शेजारचे पान रिकामे होते. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली मान घालून भात कालवीत राहिलो. तो पाणी प्याला आणि निघून गेला.

पुढे अनेक वर्षांनी तो वारल्याचे कळले तेव्हा आम्ही भेटावयास गेलो. वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि सहज बोलावे तसे म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी ते घरी आले, जेवून आलो म्हणाले, आणि रात्री उठून भाकरी शोधू लागले." त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

निजामाने सभा बंद केल्या, म्हणून आपण त्यास जुलमी म्हणतो. आम्ही एका माणसाचे ताट बंद केले, त्यास काय म्हणावे? तेही एका शब्दाशिवाय. पैठणच्या धर्मसभेने निदान मुलांस समोर बोलावून निवाडा तरी दिला.

ज्ञातीच्या हाती असलेल्या या शस्त्राची दखल कायद्यानेही घेतली आहे. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या दाव्यात तो घटनाबाह्य ठरविला. कारण काय, तर धर्मपंथाच्या स्वातंत्र्यास त्याने बाध येतो. पाहा, येथेही तोच प्रश्न उभा राहिला: पंथाचे स्वातंत्र्य मोठे, की पंथातल्या माणसाचे? त्यानंतर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो २०१७ पासून अमलात आहे, आणि बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. कायदा आवश्यक होता. पण आमच्या शेजारचे ते रिकामे पान कोणत्याही कायद्याच्या कलमात सापडले नसते. जेथे ठराव नाही, पत्र नाही, साक्षीदार नाही, तेथे उपाय एकच: शेजारी बसलेल्याने सरकून 'बसा' म्हणणे.

यावर वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात जी शंका येते ती आम्ही जाणतो, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्ञातीने आपणांस काय दिले नाही? परगावी शिकावयास गेलेल्या मुलास वसतिगृह दिले, विधवेस मदत दिली, अडल्यानडल्यास शब्द टाकावयास माणूस दिले. हे सारे बंध सोडून दिले तर उरेल तो स्वैराचार, अशी भीती वाटते. 'स्वैर' आणि 'स्वतंत्र' या दोन्ही शब्दांत 'स्व' आहे हे खरे. पण आरंभी सांगितलेला तो हातमाग आठवावा. स्वैर मनुष्य धागे तोडतो. स्वतंत्र मनुष्य ते स्वतः बांधतो. बहिणाबाईने संसाराचे धागे तोडले नाहीत. तिने एवढेच ठरविले, की नक्षी कोणती ती आपण निवडावयाची. ज्ञातीचे बंध जे टिकावयाचे ते प्रेमाने बांधलेले टिकतील. ज्याच्या गळ्याभोवती ते आवळले जातात तो ते आज ना उद्या कापणारच, आणि त्याबद्दल त्यास दोष देता येणार नाही.

आता त्या मुलीस उत्तर देतो. बाळ, दोन्ही एक नाहीत. मुक्ती म्हणजे बाहेरून लावलेली कडी निघणे. ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी निघाली, ज्यांनी काढली त्यांस आपण वंदन करतो. स्वातंत्र्य म्हणजे कडी निघाल्यावर आपल्या घरात आपला माग मांडून विणावयास बसणे. ते काम एका दिवसात होत नाही आणि दुसरा कोणी ते करून देत नाही. आणि मोकळीक म्हणजे तुझे वडील तुला देतात ती. त्यांनी ती प्रेमाने दिली आहे, तिचा आदर ठेव. पण तेवढ्यावर समाधान मानू नकोस. जे तुझेच आहे ते मागून घ्यावे लागू नये, अशी व्यवस्था करण्याचे काम आम्हां मोठ्यांचे आहे.

ते काम आपण कोठून आरंभावे? आमच्या दोन नम्र सूचना आहेत, त्यांचा कार्यकारी मंडळाने विचार करावा. पहिली अशी, की पुढील वर्षापासून वधूवर-सूचीच्या नमुन्यातून 'परवानगी' आणि 'मोकळीक' हे शब्द काढावेत, आणि मुलीच्या माहितीखाली तिने स्वतः लिहिलेली चार वाक्ये, तिच्या सहीने, छापावीत. दुसरी अशी, की गेल्या काही वर्षांत ज्यांची नावे निमंत्रणाच्या यादीतून गळली, ती चिटणिसांनी जुन्या स्मरणिका काढून शोधावीत आणि पुढील संमेलनाचे पहिले निमंत्रण त्या घरांस, कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन, द्यावे. आमच्या मित्राच्या घरी आम्ही स्वतः जाऊ. तो आता नाही. पण वहिनी आहेत, त्यांची मुलगी आहे, जावई आहे. ते आले, तर आमच्या शेजारचे पान त्यांचे. ते आले नाहीत, तर तोही त्यांचा अधिकार आहे, हे आम्ही समजून घेऊ.

आता भोजनाची वेळ झाली आहे, आणि पंगतीच्या गोष्टीनंतर आपणांस अधिक वेळ ताटकळत ठेवणे बरे नव्हे. हुतात्म्यांस आणि शिऊरच्या त्या माउलीस वंदन करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!